कोर्ट मार्शलवरची विनोदी एकांकिका : पंधरा मिनिटांनी हशा का आटतो?

तिसरी घंटा : स्पर्धेसाठी ४५ मिनिटांची एकांकिका बसवतोय. बिगुलवाल्याने पहाटे बिगुल वाजवला नाही, अख्खी छावणी झोपून राहिली, म्हणून त्याच्यावर कोर्ट मार्शल. टेबलामागे पाच अधिकारी. सुरुवातीला लोक खूप हसतात, पुढे गार पडतात. पाचही जण वेडगळ दाखवलेत, तरीही! कामकाज कितपत खरं ठेवावं? गणवेशाचं काय?

संहितावाचक : पाचही वेडगळ, तिथेच घोळ झालाय. आरोप वेडगळ ठेवा, कामकाज मात्र काटेकोर. अशा गुन्ह्याला खरं तर समरी कोर्ट मार्शल पुरतं : एकटा कमांडिंग ऑफिसर, सोबत दोघे, त्यांना मत नसतं. त्यासाठी जनरल कोर्ट मार्शलचा लवाजमा बसवलात, हे मात्र झकास आहे, बदलू नका.

आर्मी अ‍ॅक्ट, १९५० प्रमाणे जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी लागतात. खटला सुरू झाल्यावर या पाचांतला एक जरी कमी झाला तरी कोर्ट बरखास्त. शिवाय सरकारपक्षाचा साक्षीदार सदस्य म्हणून बसू शकत नाही. आता तुमची गोष्ट बघा. बिगुल वाजला नाही हे सांगणार कोण? जो जागा होता तो. मग अख्खी छावणी झोपली होती हा आरोपच टिकत नाही. आणि सदस्याने ‘मी झोपलो होतो’ म्हटलं की तोच साक्षीदार, म्हणजे कोर्ट गेलं. म्हणून प्रत्येकजण आपली झोप लपवणार. पंधराव्या मिनिटाला हा पेच जज-अ‍ॅडव्होकेटच्या तोंडून, एकाच वाक्यात, शांतपणे येऊ द्या. तो फक्त कायदा सांगतो, मत देत नाही. त्याला एकदाही हसवू नका.

मतदान सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरू होतं, वरिष्ठांच्या मताचं दडपण येऊ नये म्हणून. कर्नलसाहेबांचा कल कळायच्या आत कॅप्टनला बोलायचंय. तुमचा शेवटचा प्रसंग हाच.

नेपथ्य-प्रकाश : टेबल मागे मधोमध लावलं तर आरोपीची पाठच दिसते. उजव्या विंगेकडून तिरकं लावा, आरोपी डावीकडे पुढे. माणशी दोन फूट धरून दहा फुटी टेबल आणि खाली सहा इंची लेव्हल, म्हणजे चौथरा. हिरवं कापड जमिनीपर्यंत सोडू नका, फूटभरच लोंबू दे. खाली बुटांच्या पाच जोड्या दिसल्या पाहिजेत, त्यातल्या एकाची लेस सुटलेली. कोण उशिरा उठून धावत आलं ते प्रेक्षकाला साक्षीआधीच कळतं. लेस पांढरी घ्या. काळ्या बुटावर काळी लेस तिसऱ्या रांगेतूनही दिसत नाही.

सॅल्यूट मोजा. एकाला चार सेकंद, चाळीस झाले तर अडीच मिनिटांहून जास्त वेळ गेला. पहिले तीन पूर्ण करा, पुढचे हुकमाच्या पोटात बसवा. लाकडी रंगमंचावर टाचेचा आवाज पुढचं वाक्य खातो, म्हणून टाच आधी, मग श्वासभर पॉझ, मग संवाद.

तिसरी घंटा : लेस घेतलीच! बिगुल रेकॉर्डेड चालेल?

विंगेतला : नको. आवाज स्पीकरमधून येतो आणि नट दुसरीकडे उभा, लगेच पकडलं जातं. बिगुलाला बोटांनी दाबायच्या कळा नसतात, स्वर ओठांनीच काढायचे. नवख्याचे ओठ थोड्या वेळात थकतात, म्हणून नटाला दोनच स्वर शिकवा आणि ते शेवटालाच वाजवू द्या. तालमीत रोज थोडं, प्रयोगाआधी अजिबात नाही.

आता गणवेशाचं. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी लष्करी गणवेश घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. नाटकात तो हेतू नसतो, तरी सैन्य काल्पनिक ठेवा. टोपीवरचा बिल्ला स्वतः बनवा, खऱ्या रेजिमेंटचा लावू नका, आणि त्या कपड्यांत चहाला बाहेर पडू नका. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या मंडळाकडे, वेळेत पाठवा. मतदानाचा प्रसंग नव्याने लिहिणार असाल तर तो लिहून झाल्यावरच.