मदत हवी आहे: रात्री व्हॅलोरंट खेळताना पिंग उडतो

मंडळी, पुण्यात कोथरूडला राहतो. व्हॅलोरंटचा मुंबई सर्व्हर इथून जवळच, त्यामुळे दुपारी पिंग (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) १५ मिलिसेकंदांच्या आसपास असतो. रात्री नऊनंतर मात्र एकदम १८०! कोपऱ्यावरून समोरचा दिसतो, मी गोळी झाडतो आणि पुढच्या क्षणी मीच आडवा. माझ्यामुळे टीम हरते याचं फार वाईट वाटतं.

राउटर हॉलमध्ये, पीसी आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. काल कमांड प्रॉम्प्टमधून थेट राउटरलाच पिंग करून पाहिलं. तिथेही मधूनच ९० मिलिसेकंद! म्हणजे दोष बाहेरच्या लाइनचा नाही, घरातल्या वायफायचाच असणार. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर अख्ख्या सोसायटीची गर्दी, आणि ५ गिगाहर्ट्झ आतपर्यंत धड पोचत नाही.

राउटरपासून पीसीपर्यंत कॅट ६ ची (नेटवर्कची) १५ मीटर केबल टाकावी म्हणतो. पण घर भाड्याचं, मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. दाराच्या फटीतून चपटी केबल कोणी नेली आहे का? दार लावताना चेपून खराब होते का? तपकीर गल्लीत चांगली मिळेल ना?

शिवाय रॅमची ८ जीबीची एकच स्टिक आहे. तशीच दुसरी घालून ड्युअल चॅनेल केलं (म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातील) तर गेम अडकणं कमी होईल का, की आधी केबलच घेऊ?