पुरावा गोष्टींत नाही, लाकडात आहे

कोलंबसाआधी नॉर्स लोक (उत्तर युरोपातले व्हायकिंग) अमेरिकेत पोचले याला ‘सागा’ या त्यांच्या जुन्या कथांमधल्या गोष्टींपलीकडे पुरावा काय, असं विचारलं जातं. आहे की! कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकाला लान्स ओ मेडोज इथे १९६० साली नॉर्वेचे संशोधक हेल्गे इंगस्टाड यांना गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे दिसले. पुढे त्यांच्या पत्नी ॲन स्टीन यांनी खोदकाम केलं. झगा अडकवायची काशाची टाचणी निघाली, सूत कातायच्या चातीची दगडी चकती निघाली (म्हणजे बायकाही सोबत असणार). पण मला सगळ्यात भारी वाटतं ते तिथलं लाकूड. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं. ९९३ साली पृथ्वीवर अवकाशातून झालेल्या वैश्विक किरणांच्या माऱ्याची खूण (वाढलेला किरणोत्सारी कार्बन) त्यातल्या एका वलयात सापडली, तिथून सालीपर्यंत वलयं मोजली, आणि झाड १०२१ साली तोडलं हे ठरलं. तेही धातूच्या हत्याराने, जे तिथले मूळ रहिवासी तेव्हा बनवत नव्हते.