पंपावर पेट्रोल नाही. हरभऱ्याची फवारणी कशी करावी?

तिफण (दारव्हा तालुका):
टँकर न आल्यामुळे आमच्या रस्त्यावरचा पंप तीन दिवसांपासून बंद आहे. काल दुसरीकडे तीन तास रांगेत उभे राहिल्यावर शंभर रुपयांचे, म्हणजे लिटरभरही नाही, एवढेच पेट्रोल मिळाले. हरभरा फुलोऱ्यावर असून अळी दिसू लागली आहे, पाठीवरचा फवारणी पंप पेट्रोलवरचा आहे आणि परवा आईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे आहे. पेट्रोल कशासाठी राखावे? मिळाल्यास प्लास्टिकच्या कॅनमध्ये घरी साठवावे का?

काळी माती:
दादा, ते पेट्रोल आईसाठी टाकीतच राहू द्या. अळी लहान असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क साध्या हातपंपाने फवारता येतो. वेळ दुप्पट लागेल, पण पीक हातचे जाणार नाही. अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला शेतात काड्यांचे थांबेही लावा.

वेचणी:
कॅन घरात मुळीच ठेवू नका. जानेवारी 2024 मध्ये ट्रक-टँकर चालकांच्या संपाच्या वेळी आमच्या शेजाऱ्यांनी कापसाच्या गंजीशेजारी कॅन ठेवला होता, तो दुपारपर्यंत फुगून टम्म झाला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत थेट चुलीपर्यंत पोहोचते. त्या रात्री आम्ही कोणीच नीट झोपलो नाही.

तिफण:
कॅनचा विचार सोडला. काकांचा हातपंप मिळाला आहे, वायसर बदलून उद्या पहाटेच फवारणीला लागतो.