टायसन उधळ्या होता, मान्य. कौर सिंगने काय उधळलं?

घंटा_वाजली
काल 'हिशेबी_माणूस' यांनी जुना बॉक्सर जॉर्ज फोरमन याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ग्रिलचा (मांस भाजायच्या यंत्राचा) फोटो टाकून लिहिलं: "बॉक्सर कंगाल होतात ते फक्त उधळपट्टीने. टायसनने ३० कोटी डॉलर कमावले आणि वाघ पाळले. फोरमनने ग्रिल विकली. अक्कल असेल तो तरतो, बाकीच्यांसाठी गळे काढू नका." तिथे दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, चहा गार झाला, तरी संपेना. म्हणून हा वेगळा धागा.

टायसनचं मान्य. २००३ मध्ये दिवाळखोरी, वाघ, बंगले, गाड्या, सगळं मान्य. पण त्याने आपल्या लढती भरवणाऱ्या डॉन किंगवर पैसे लाटल्याचा दावा लावला आणि १ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली, हे वाघाच्या फोटोखाली कुणी लिहीत नाही.

आता फोरमन. पहिल्या डावात मिळवलेले पैसे त्याने साठवले आणि म्हणून तरला, असं वाटतं का तुम्हाला? १९७७ ला रिंग सोडली, दहा वर्षं प्रवचनं केली, ह्यूस्टनला पोरांसाठी केंद्र काढलं. ते चालवायला पैसे हवेत म्हणून १९८७ ला ३८ व्या वर्षी परत हातमोजे चढवले. १९९४ ला ४५ व्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडलं. ग्रिलवर नाव वापरायचे १३ कोटी ७५ लाख डॉलर मिळाले ते १९९९ मध्ये. म्हणजे तरला तो म्हातारपणी पुन्हा ठोसे खाऊन आणि हसरा चेहरा विकून. असे चेहरे जगात किती?

जो लुईस घ्या. १९३७ ते १९४९ हेवीवेट चॅम्पियन, २५ वेळा किताब राखला. १९४२ मध्ये दोन लढतींची कमाई नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली. पुढे कर खात्याने त्या पैशावरचाही कर मागितला. वर व्याज, वर दंड. १९५१ ला ३७ वर्षांचा लुईस मार्सियानोसमोर उतरला तो हौसेने नाही. मग कुस्तीचे खेळ केले आणि शेवटी लास व्हेगासच्या कॅसिनोत येणाऱ्या गिऱ्हाइकांशी हस्तांदोलन करायची नोकरी.

आणि आपले? कौर सिंग. १९८० मध्ये दिल्लीत मुहम्मद अलीबरोबर प्रदर्शनीय लढत खेळला, १९८२ च्या एशियाडला हेवीवेटचं सुवर्ण, पद्मश्री. फौजेतून निवृत्त होऊन संगरूरकडे गावी शेती. २०१७ मध्ये बातमी आली की हृदयाच्या उपचारासाठी खासगी कर्ज काढलंय. डिंको सिंग, १९९८ च्या बँकॉक एशियाडचं सुवर्ण. यकृताच्या कॅन्सरच्या उपचारासाठी घर विकलं, २०२१ मध्ये गेला तेव्हा वय ४२. या दोघांनी कुठला वाघ पाळला होता ते सांगा.

हिशेबी_माणूस
माझं नाव घेऊन धागा काढल्याबद्दल आभारी आहे.
दोन करुण कहाण्या आणल्या की वाद जिंकला असं नसतं. लॅरी होम्सने आपल्या ईस्टन गावातच पैसे गुंतवले, गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे. मॅक्स श्मेलिंगने जर्मनीत कोका-कोलाचा धंदा केला आणि ९९ वर्षं जगला. लेनॉक्स लुईस विटाली क्लिच्कोला हरवून चॅम्पियन असतानाच बाजूला झाला, पुन्हा फिरकला नाही. हे सगळे ठोसे खाऊनच मोठे झाले ना? आपल्याकडे एशियाड सुवर्णाला केंद्राचं निवृत्तिवेतन आहे, २०१८ च्या दरांनुसार महिना १४ हजार.
१९८२ साली कौर सिंग दिल्लीत पदक घेत होता तेव्हा माझे वडील गिरणी संपात घरी बसले होते. २२ वर्षं साच्यावर काढलेली. त्यांना कुणी ना पद्मश्री दिली ना पेन्शन. त्यांनी वडे तळून आम्हाला शिकवलं. त्यामुळे 'देशाने काय दिलं' हा सूर माझ्यासमोर लावू नका.

मुलीचा_बाबा
नमस्कार. जरा वेगळं विचारतो. माझी मुलगी १२ वर्षांची आहे, शाळेतली मैत्रीण जाते म्हणून हिलाही बॉक्सिंगला जायचंय. घालू का?

तालमीतला
बॉक्सर बॉक्सर काय लावलंय? आपल्या मातीतला खाशाबा जाधव आठवंना होय कुणाला? १९५२ हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्याच्या कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकलं तवा गडी पोचला. आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक, आणि मग? पोलिसात सब-इन्स्पेक्टर. १९८४ ला अपघातात गेला. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, मेल्यावर. पद्म अजून न्हाई.

जॅब_आणि_जिलबी
आली कुस्ती! मी घड्याळ लावून बसलो होतो.

तालमीतला
येणारच. तुमच्या बॉक्सिंगला महाराष्ट्रात कोण इचारतंय? आमच्याकडं गावोगाव तालीम हाय, हिंदकेसरी-महाराष्ट्र केसरीला सरकारी मानधन हाय.

वऱ्हाडी_हुक
मानधन वरच्या दोन-चार जणांले भेटते, राजेहो. बाकीच्यांचं काय? माझा लहान भाऊ राज्य पातळीवर बॉक्सिंगचं पदक घेऊन बसला. ५ टक्के खेळाडू आरक्षण कागदावर आहे न. पडताळणीसाठी एका कार्यालयात फाईल टाकली. तीन वर्षं. एकदा म्हणे स्पर्धेचा अहवाल नाही, एकदा म्हणे संघटनेची मान्यता त्या वर्षी कोणाकडे होती ते सांगा. अन् त्याच काळात ट्रॅम्पोलिन या उड्यांच्या खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांवर लोकं साहेब होऊन राहिले होते! भावाची वयोमर्यादा गेली. आता सिक्युरिटीत आहे, मॉलमध्ये. गेटवर उभा राहते, नाकाचं हाड वाकडं आहे म्हणून लोक घाबरतात, तेवढाच बॉक्सिंगचा फायदा.

हिशेबी_माणूस
वाईट वाटलं, मनापासून. पण हा सरकारी कारभाराचा प्रश्न झाला, बॉक्सिंगचा नाही. रेशनकार्डालाही तीन वर्षं लागतात.

वऱ्हाडी_हुक
रेशनकार्ड काढाले नाक मोडून घ्यावं लागत नाही, साहेब.

तालमीतला
आन ऐका. आमचा चुलता. कोल्हापुरात तालमीत सात वर्षं. रोज दीड हजार जोर-बैठका, थंडाई, तूप, मटणाचा रस्सा, दोन एकर खुराकात गेली. गुडघा गेला, कुस्ती थांबली, भूक थांबली न्हाई. चाळिशीत १३० किलो. कान दोन्ही मोडलेले, भज्यावानी. फोन कानाला लावता येत न्हाई नीट, स्पीकरवर टाकून बोलतो, समद्या गल्लीला कळतं कुणाचं काय चाललंय. आता म्हशी हायत चार. दूध घालायला सोसायटीत गेला की पोरं अजून 'वस्ताद' म्हणत्यात, तेवढ्यावर खूश. कुणी धागा काढला त्याच्यावर?

जॅब_आणि_जिलबी
वस्तादांना दंडवत. पण 'खुराकात दोन एकर' म्हणजे हिशेबीसाहेबांच्या व्याख्येत उधळपट्टीच की हो.

तालमीतला
जीभ सांभाळ. खुराक म्हंजे उधळपट्टी? तुझ्या पुण्यात शंभर रुपयाची कॉफी पिऊन बसता ते काय?

जॅब_आणि_जिलबी
मी डोंबिवलीचा आहे. आणि कॉफी दीडशेची आहे.
मातीतलाच बॉक्सर हवा असेल तर पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर घ्या ना. फौजेत बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कंबरेखालचं शरीर लुळं पडलं, मग १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला ५० मीटर पोहण्यात सुवर्ण. पद्मश्री २०१८ मध्ये. ४६ वर्षं. सरकारी टपाल बहुधा पोहत आलं.

तालमीतला
पेटकर आमच्या सांगलीकडचं. त्यांच्याबद्दल वाद न्हाई.

रात्रपाळी_डॉक्टर
सगळे पैशावर भांडताय. मेंदूविकार विभागात दहा वर्षं काढल्यावर मला यात वेगळंच दिसतं.
१९२८ मध्ये मार्टलंड नावाच्या अमेरिकन शवविच्छेदनतज्ज्ञाने मुष्टियोद्ध्यांच्या या दुखण्यावर पहिल्यांदा शास्त्रीय लेख लिहिला. अडखळती चाल, जड जीभ, मंदावलेली बुद्धी. म्हणजे माहिती जवळपास शंभर वर्षं जुनी आहे. फर्डी पाचेको हा अलीचा डॉक्टर १९७७ मध्ये मूत्रपिंडाचे अहवाल पाहून 'आता थांब' म्हणाला, कुणी ऐकेना, तेव्हा तोच सोडून गेला. त्यानंतरही अली खेळला. १९८० ला होम्सने त्याला अक्षरशः दया करत मारलं, १९८१ ला बर्बिकने. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान. ते फक्त ठोशांमुळेच का यावर वाद आहे, मी छातीठोक सांगणार नाही.
पण हिशेबींना एकच विचारते. वारंवार डोक्याला मार बसला की जे भाग झिजतात त्यात मागचापुढचा विचार करणं, मोह आवरणं, राग आवरणं हेही येतं. ज्याला तुम्ही 'अक्कल नाही' म्हणताय, ती अक्कल काही जणांच्या बाबतीत रिंगमध्येच सांडली असेल तर?

हिशेबी_माणूस
डॉक्टर, मग टायसन विशीत, चॅम्पियन झाल्या-झाल्याच उधळत होता, त्याचं काय? तेव्हा झीज झाली होती?

रात्रपाळी_डॉक्टर
नाही. तेव्हा तो वीस वर्षांचा, आई वारलेला, बापाने टाकलेला मुलगा होता आणि भोवती हिशेबाच्या वह्या सांभाळणारी माणसं दुसऱ्याच्या पगारावर होती. सगळंच मेंदूवर ढकलत नाही मी.

घंटा_वाजली
डॉक्टरांचं वाचून थोडा वेळ थांबलो.
माझे सर. नाव नाही लिहीत. रेल्वेकडून खेळायचे, मग संध्याकाळी आम्हाला शिकवायचे, पत्र्याच्या शेडमध्ये, फी जमेल तशी. शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. आम्हाला ती स्टाईल वाटायची, आम्हीही तसेच फिरायचो. चहा बशीतच प्यायचे, आणि बशी टेबलावरून उचलायचे नाहीत, तोंड खाली न्यायचे. एकदा स्पर्धेला जाताना पाहुणे येणार म्हणून मॅनेजर म्हणाले बटणं लावा. सरांनी प्रयत्न केला. बोटं काजाभोवती फिरत राहिली. मग मला म्हणाले, "लाव रे, चष्मा नाहीये." चष्मा खिशात होता. दिसत होता.
तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. दारू नाही, सट्टा नाही, भविष्यनिर्वाह निधी व्यवस्थित. हिशेबी माणूस होते.

हिशेबी_माणूस
टोमणा पोचला.

जॅब_आणि_जिलबी
वातावरण जड झालं म्हणून सांगतो, सगळ्यात सुरक्षित उतारवय राजकारणात आहे. विटाली क्लिच्को २०१४ पासून कीवचा महापौर. पॅकियाओ फिलिपाइन्समध्ये सहा वर्षं सिनेटर, राष्ट्राध्यक्षपदाला पडला, आणि २०२५ मध्ये ४६ व्या वर्षी परत रिंगमध्ये येऊन बरोबरी केली. आपला विजेंदर २०१९ ला काँग्रेसकडून दक्षिण दिल्लीत हरला, २०२४ ला भाजपमध्ये. पायांची हालचाल अजून चांगली आहे.

वऱ्हाडी_हुक
विजेंदर भारताचा पहिला ऑलिम्पिक बॉक्सिंग पदकवाला हो, बीजिंगचा. हरियाणात डीएसपी केलं त्याले. हेच तर म्हणून राहिलो मी, हरियाणात पदक आणलं की वर्दी भेटते.

हिशेबी_माणूस
चला, एका कामाच्या मुद्द्यावर येऊ. कॅलिफोर्नियात व्यावसायिक बॉक्सरसाठी पेन्शन निधी आहे. तिकिटामागे थोडी रक्कम कापतात, त्या राज्यात ७५ फेऱ्या ठरलेल्या असल्या की हक्क मिळतो, पन्नाशीला पैसे. असं काही केलं तर? हे मी सुचवतोय, लक्षात घ्या. तुमच्या बाजूने नाही.

घंटा_वाजली
म्हणजे बॉक्सरची 'अक्कल' सोडून व्यवस्थेने पैसे कापून ठेवावेत. हेच मी सकाळपासून सांगतोय. बाकी अमेरिकेत इतर राज्यं त्या वाटेला गेली नाहीत. प्रत्येक बॉक्सर सुटा कंत्राटदार, संघटना नाही, मालक कोण ते ठरत नाही, मग हप्ता कापणार कोण?

हिशेबी_माणूस
बरं. लुईसचं मान्य. देशाला दिलेल्या दानावर कर लावणं हा नीचपणा होता. श्मेलिंगचं मात्र सोडणार नाही.

घंटा_वाजली
सोडू नका. त्याच श्मेलिंगने १९८१ मध्ये लुईसच्या अंत्यविधीचा काही खर्च उचलला. १९३८ ला त्याच लुईसने त्याला पहिल्याच फेरीत झोपवलं होतं.

हिशेबी_माणूस
हे माहीत नव्हतं. ठीक. कौर सिंगचंही मान्य. टायसनचं मरेपर्यंत मान्य नाही.

तालमीतला
आन खाशाबाचं?

जॅब_आणि_जिलबी
खाशाबांचं सगळ्यांनाच मान्य आहे हो, १९५२ पासून.

मुलीचा_बाबा
वरती मी एक प्रश्न विचारला होता. उद्या फी भरायची शेवटची तारीख आहे.

रात्रपाळी_डॉक्टर
माफ करा, खरंच राहून गेलं. व्यायाम, दोरी, पॅड, पायांची हालचाल, खुशाल घाला. समोरासमोर स्पारिंग, म्हणजे सरावाची ठोसेबाजी, सध्या नको. हेडगार्डवर भिस्त ठेवू नका, त्याने भुवई फाटायची वाचते, आत मेंदू हलायचा तो हलतोच. पुरुषांच्या वरिष्ठ स्पर्धांतून ते २०१३ मध्ये काढूनही टाकलं. डोक्याला लागलं तर किती दिवस बसवता, हे प्रशिक्षकाला विचारा. उत्तर देताना हसला तर दुसरा क्लास बघा.

घंटा_वाजली
शिकवणाऱ्याच्या शर्टाची बटणं बघून या.

मुलीचा_बाबा
बाई आहेत. टी-शर्ट घालतात. विचारतो उद्या.