अणुबॉम्बच्या शर्यतीवरची चांगली डॉक्युमेंटरी कुठली?

कोथरूडकर_निवांत: बाबा रिटायर झालेत, रात्री जेवण झालं की युद्धाच्या डॉक्युमेंटऱ्या लावून बसतात. काल नॉर्वेच्या जड पाण्याच्या कारखान्यावरची लागली होती आणि नेमकी लाईट गेली, आता मलाच विचारतायत की जर्मनांना ते पाणी हवंच कशाला होतं. कोणी सांगेल का? आणि अजून काय दाखवू?

चहाबाज: जड पाणी म्हणजे जड हायड्रोजन असलेलं पाणी. ते हवं अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला, हळू न्यूट्रॉननेच युरेनियमचे अणू नीट फुटत राहतात. ग्राफाइटनेही जमतं, पण जर्मनांनी तपासलेलं ग्राफाइट पुरेसं शुद्ध नव्हतं, बोरॉन थोडंसं असलं तरी न्यूट्रॉन गिळतं, मग ते जड पाण्याच्या मागे लागले. इकडे अमेरिकेत शास्त्रज्ञ फर्मीने शुद्ध ग्राफाइट मिळवून २ डिसेंबर १९४२ ला शिकागोत, स्टेडियमच्या स्टँडखाली अणुभट्टी चालवूनसुद्धा दाखवली! १९८१ ची 'द डे आफ्टर ट्रिनिटी' दाखव, अमेरिकेचा अणुबॉम्ब बनवणाऱ्या टीमचा प्रमुख ओपेनहायमर, त्याचा सख्खा भाऊ बोललाय त्यात.

पेठेतली_मी: वेमोर्कवरच्या, म्हणजे त्याच नॉर्वेच्या कारखान्यावरच्या, बऱ्याच डॉक्युमेंटऱ्या नुसता थरार दाखवतात बाई, पार्श्वसंगीत एवढं की निवेदन ऐकूच येत नाही. फेब्रुवारी १९४३ मधे नॉर्वेच्या कमांडोंनी एक गोळी न झाडता तिथल्या जड पाण्याच्या टाक्या उडवल्या हे खरंच भारी, पण पुढच्या वर्षी उरलेलं पाणी जर्मनीकडे नेणारी फेरीबोट बुडवली त्यात १८ माणसं गेली, बरीचशी साधी नॉर्वेजियन, ते दोन मिनिटांत उरकतात.

कोथरूडकर_निवांत: बाबांना वाचून दाखवलं. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतलंच ना, असं विचारून पेन्सिल तासत बसलेत.