क्लोरेल्लाच्या चाचणीत मोरचुदाचा परिणामच दिसत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी श्रीवर्धनजवळ राहते, ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. पावसात सुपारीवर कोळेरोग येतो म्हणून इकडे घरोघर बोर्डो मिश्रण मारतात, १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) आणि १ किलो चुना. आमच्या वाडीचं पाणी पऱ्ह्यात (ओढ्यात) उतरतं, आणि पऱ्ह्याला लागूनच खालच्या आळीची विहीर आहे. परवा फवारणीनंतर पऱ्ह्यातल्या दगडांवर निळसर साका बसलेला पाहिला, तेव्हापासून चैन नाही. दुसरी फवारणी पंधरा दिवसांवर आलीय.

तांबं हिरव्या शेवाळाला अगदी थोडं असलं तरी बाधतं, म्हणून क्लोरेल्ला हे एकपेशी हिरवं शेवाळ वाढवलं. बोल्ड बेसल मीडियम (शेवाळ वाढवायचं पोषक द्रावण), ट्यूबलाइटचा उजेड, ७२ तास, रोज हिमोसायटोमीटरवर पेशींची मोजणी. नुसत्या मीडियमच्या बाटलीत पेशी वीसपट झाल्या, म्हणजे चाचणी ग्राह्य धरायला लागणारी किमान १६ पटीची अट पार पडली. पण पऱ्ह्याचं पाणी घातलेली बाटली तिच्याहून हिरवीगार! मग लिटरला अर्धा मिलीग्राम तांबं पडेल इतका मोरचूद मुद्दाम घातला, तरी वाढ तेवढीच.

चूक कुठे होतेय? आणि ७२ तासांच्या आधी कळेल असं काही आहे का? खात्री झाल्याशिवाय खालच्या आळीला काही सांगायचं नाही, असं ठरवलंय.

प्रतिसाद:
ताई, मीडियम बदला. बोल्डमध्ये लिटरला ५० मिलीग्राम ईडीटीए हे धातूंना बांधून ठेवणारं रसायन असतं. ते तांब्यालाही धरून बसतं, पेशींच्या वाट्याला मोकळं तांबं येतच नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शेवाळ-चाचणीच्या २०१ क्रमांकाच्या पद्धतीतल्या मीडियममध्ये ते जेमतेम ०.१ मिलीग्राम आहे. क्लोरेल्ला आधी तीन दिवस त्यातच वाढवा, नाहीतर जुनं ईडीटीए सोबत येईल. पऱ्ह्याचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. त्यात त्याचं स्वतःचं शेवाळ असतं, शिवाय शेणखताचं नत्र आणि स्फुरदही, म्हणून ती बाटली जास्त हिरवी.

लवकर उत्तर हवं तर हरितद्रव्याचा फ्लुओरेसन्स (उजेड पडल्यावर ते परत सोडतं तो प्रकाश) मोजतात. जवळच्या विद्यापीठात तो मोजणारं पॅम फ्लोरोमीटर हे यंत्र आहे का विचारा, काही तासांत कल कळतो.

विहिरीचं मात्र शेवाळावर सोडू नका. ही चाचणी पऱ्ह्यातल्या जिवांसाठी आहे. पिण्याच्या पाण्यात तांब्याची भारतीय मानकातली स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलीग्राम आहे, ते प्रयोगशाळेतच मोजून घ्या. बाटली उद्याच भरा.