धातूचे अमूर्त शिल्प करवून घेताना आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काय ठरवावे?

प्रश्न

आमच्या कार्यालयाच्या स्वागतकक्षात साडेचार मीटर उंचीची एक कोरी भिंत आहे आणि तिच्यासाठी स्टेनलेस स्टीलचे अमूर्त शिल्प करवून घ्यावे, असे आम्ही तिघा भागीदारांनी ठरवले आहे. ज्या शिल्पकाराशी बोलणे चालू आहे, त्यांचे आधीचे काम मी प्रत्यक्ष पाहिले आहे आणि ते मला आवडले आहे. आता त्यांनी संगणकावर तयार केलेले एक चित्र पाठवले आहे. त्यात आरशासारख्या चकाकणाऱ्या तीन पट्ट्या एकमेकींत वळत वर गेलेल्या आहेत. एका भागीदाराला त्यात ज्वाळा दिसते, दुसऱ्याला मासा. मला काहीच दिसत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. निम्मी रक्कम आगाऊ द्यायची आहे. ती देण्यापूर्वी काय विचारावे आणि काय लिहून घ्यावे? शिवाय याच घडणीचे एक लहान शिल्प घराच्या गच्चीवर ठेवण्याचा विचार आहे. तिथे हाच धातू चालेल का?

प्रतिसाद १ (फॅब्रिकेशनच्या कामातला)

सर्वप्रथम वजन विचारा. चित्रात वजन दिसत नाही. पोलादाचा ३ मिलीमीटर जाडीचा १ चौरस मीटर पत्रा सुमारे साडेतेवीस किलो भरतो. तेवढ्याच ॲल्युमिनियमचे वजन जेमतेम ८ किलो होते. तुमच्या तीन पट्ट्यांचा पत्रा मिळून ६ चौरस मीटर धरला, तरी आतला सांगाडा सोडून १४० किलो झाले. हा भार भिंतीवर टांगायचा असेल, तर भिंत भरीव आहे की आतून पोकळ, हे आधी ठोकून पाहा आणि बांधकामाच्या अभियंत्याकडून तसे लेखी घ्या.

गच्चीसाठी नेहमीच्या ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टेनलेस मागा. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे खाऱ्या आणि दमट हवेत ते अधिक टिकते. कोणी कॉर्टेन (वर मुद्दाम गंजाचा थर धरू दिला जातो ते) पोलाद सुचवले, तर एवढे लक्षात ठेवा, की त्याचा गंजाचा थर ओले-सुके असे आलटून पालटून झाल्यावरच घट्ट बसतो आणि तो बसेपर्यंत खालच्या फरशीवर तांबूस ओघळ उतरत राहतात. बंद पोकळ आकार उघड्यावर ठेवणार असाल, तर पाणी निघून जाण्यासाठी तळाशी छिद्र हवेच.

प्रतिसाद २ (असे काम करवून घेतलेली)

माझ्याकडचे शिल्प स्टेनलेसचे होते, तरी पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यावर मिरी भुरभुरल्यासारखे तपकिरी ठिपके उमटले. स्टीलच खोटे निघाले, असे मी धरून चालले होते. चौकशी केल्यावर कळले, की कार्यशाळेत साध्या लोखंडावर वापरलेलीच ग्राइंडिंगची चकती यावरही चालवली होती. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतले आणि गंजले ते कण. वेल्डिंगच्या जोडांच्या कडेचा निळसर-पिवळा डागही आम्लाच्या लेपाने काढलेला नव्हता. म्हणून साध्या लोखंडाची आणि स्टेनलेसची अवजारे वेगळी असतील आणि जोड आम्लाने साफ करून दिले जातील, ही दोन वाक्ये करारात घालावीत.

आणखी एक गोष्ट. आरसा पॉलिशवर हात लागला, की बोटांचे ठसे दिसतात, आणि स्वागतकक्षात लोक हात लावतातच. माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंत ब्रश केलेला, रेघांचा पृष्ठभाग ठेवता येईल का, हे विचारून पाहा.

प्रतिसाद ३ (शिल्पकार)

वरचे दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पण त्यांत शिल्प हरवू नये. संगणकावरच्या चित्राला मंजुरी देऊ नका. निदान ३० सेंटिमीटरची हातात धरून फिरवता येईल अशी प्रतिकृती मागा आणि तिचे पैसे वेगळे द्या. पिकासो यांनी शिकागोसाठी सुमारे १ मीटर उंचीची प्रतिकृती केली होती आणि १९६७ मध्ये उभे राहिलेले सुमारे १५ मीटरचे पोलादी शिल्प तिच्यावरून कारखान्यात घडवले गेले. प्रतिकृतीवर हवे तेवढे भांडावे, पत्रा कापल्यावर मात्र नाही. निम्मी रक्कम एकदम देण्याऐवजी प्रतिकृती, सांगाडा, पॉलिश आणि बसवणी अशा टप्प्यांनी दिलेली दोघांनाही सोयीची पडते.

किंमत पाहून दचकू नका. पैसा पत्र्यापेक्षा घासण्यात जातो. शिल्पकार अनिश कपूर यांचे शिकागोतले आरशासारखे ‘क्लाउड गेट’ १६८ पत्रे जोडून झाले आहे; २००४ मध्ये ते लोकांसमोर आले, तेव्हा त्यावरचे जोड दिसत होते आणि ते घासून नाहीसे केल्यावर औपचारिक लोकार्पण २००६ मध्ये झाले.

पुढे रंग किंवा जागा बदलायची झाल्यास कोणाला विचारायचे, हेही लिहून ठेवा. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डर यांचे ‘पिट्सबर्ग’ हे काळे-पांढरे झुलते शिल्प पिट्सबर्गच्या विमानतळावर लावल्यावर हिरव्या आणि सोनेरी रंगात रंगवले गेले. त्यांनी तक्रार करूनही ते त्यांच्या हयातीत पूर्ववत झाले नाही. असे आपल्या कामाचे व्हावे, ही भीती आम्हा सगळ्यांनाच असते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. काल पुठ्ठ्याच्या पट्ट्या खऱ्या मापाने कापून भिंतीवर चिकटवून पाहिल्या, तेव्हा चित्रात डौलदार दिसणारे वळण जिन्यावरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांसमोर येते, असे लक्षात आले. आकार उलट बाजूला वळवावा लागेल. भिंतही ठोकून पाहिली. ती पोकळ निघाली, त्यामुळे शिल्प आता जमिनीवर उभे राहील.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मग बेसप्लेट (शिल्पाच्या तळाची जाड पाटी) फरशीच्या वर दिसणार की खाली दडणार, हे आजच ठरवा. खाली हवी असेल, तर तेवढ्या भागातली फरशी काढून अँकर बोल्ट (पाटी जखडून ठेवणारे बोल्ट) थेट काँक्रीटमध्ये घ्यावे लागतील. फरशीवरच बोल्ट मारून भागवणाऱ्याला काम देऊ नका.